किंचित अनियमितता

याउ मा तेई, काऊलून
१९ मार्च २०१७, रविवार

वान,

हा लीड्सचा पत्ता आपल्या घटस्फोटाच्या कागदांवरचा आहे. ते अर्ज मीच भरले होते, त्यामुळे आकडा चुकलेला नाही. नऊ वर्षांत तू घर बदललं असशील तर पत्र परत येईल. मागे माझा पत्ता घातला आहे. माझा बदललेला नाही. गाळाही तोच, जेड बाजाराच्या मागच्या रांगेत. पाटीही तीच: 'यिम पाक-होन. पत्रे व अर्ज लिहून मिळतील. चिनी, इंग्रजी.' तेव्हा रांगेत आम्ही अकरा पत्रलेखक होतो, आता चार आहोत. त्यातल्या दोघांना इंग्रजी येत नाही, येतं असं ते म्हणतात.

मी कारणाशिवाय लिहीत नाही. कारण तुझा दादा.

आ-लामला काही महिने पोटाचा थोडा त्रास आहे. पंधरा फेब्रुवारीला मी त्याला डॉक्टर लुईंकडे नेलं. तो डॉक्टरांपुढे कसा असतो ते तुला माहीत आहे. मान हलवतो, 'बरंय, बरंय' म्हणतो, आणि रस्त्यावर आल्यावर मला सगळं सांगत बसतो. म्हणून मी आधीच एक पान लिहून नेलं होतं. कधीपासून, किती वेळा, जेवण, झोप, सगळं क्रमाने. डॉक्टरांनी अक्षराचं कौतुक केलं, आणि त्या पानावरून सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागासाठी चिठ्ठी दिली.

तिथली सिस्टर चिठ्ठ्या वाचते आणि तीन ढीग लावते. एक तातडीचे, एक जरा घाईचे, एक थांबू शकणारे. आ-लाम तिसऱ्या ढिगात पडला. तारीख मिळाली १४ नोव्हेंबर २०१८. मी वर्ष दोनदा वाचलं. छपाई स्पष्ट होती.

आ-लाम म्हणाला, "बघ मास्तर, वीस महिने थांबू शकतो म्हणजे मी धडधाकट. सरकारी शिक्का आहे." आणि मला चहाला घेऊन गेला. कोळंबीच्या करंज्या मागवल्या, तीनही मीच खाल्ल्या.

अजून तो श्याम शुई पोच्या त्याच दुकानात भाजलेली बदकं तोडतो. एकसष्ट वर्षांचा माणूस, सात तास उभा असतो.

तुला कळवायचं नाही असं त्याने मला बजावलं आहे. विमानतळावर तो तुला काय म्हणाला ते मी ऐकलं होतं: "जा, पण मला फोन करू नकोस." बारा वर्षं तू ते पाळलंस. हे पत्र त्याच्या नकळत आहे, तेव्हा आताही करू नकोस. तुझ्याकडून काही अपेक्षा नाही. तुला माहिती असावी, एवढंच.

यिम पाक-होन


१६ एप्रिल २०१७

वान,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे.

चार तारखेला थडगी झाडायचा छिंग मिंगचा सण झाला. दरवर्षीप्रमाणे आम्ही दोघं तुझ्या आईवडिलांच्या थडग्याकडे गेलो. पायऱ्या एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत. आ-लाम बावन्नाव्या पायरीवर बसला. मला वाटलं बुटाची नाडी बांधतोय.

म्हणाला, "तू हो पुढे. बाबांना सांग लाम खाली बसलाय."

"मी सांगू? माझं आता नातं काय?"

"नातं नसेल, पण तुला बोलता येतं. जा. केरसुणी विसरू नकोस."

गवत मी काढलं. दगडावरची अक्षरं लाल रंगाने पुन्हा भरली. 'मोक' या तुमच्या आडनावातली एक रेघ मागच्या वर्षी तुझ्या दादाने जाड केली होती, ती सरळ केली. तुझ्या वडिलांना निरोप सांगितला. मोठ्याने बोलायला संकोच वाटला, शेजारच्या थडग्यावर एक मोठं कुटुंब डुकराचं मांस वाटून खात होतं.

खाली आलो तर त्याने विचारलं, "उदबत्त्या किती लावल्यास?"

"तुझ्या तीन."

"आणि?"

"आणि तीन."

त्या तीन तुझ्या होत्या. मला अधिकार नव्हता, पण लावल्या.

उतरताना त्याचा पट्टा दिसला. कडेच्या भोकापुढे त्याने नवीन भोक पाडलं आहे. दुकानातल्या बदक टांगायच्या आकड्याने पाडलेलं असावं, कडा फाटलेल्या आहेत. जुन्या भोकापासून साधारण चार सेंटिमीटर.

म्हणून अकरा तारखेला आम्ही रुग्णालयाच्या खिडकीवर गेलो. एक तास दहा मिनिटं रांग. मी सिस्टरला सरळ विचारलं, तारीख अलीकडे घेता येईल का.

"काका, चिठ्ठीत जे असेल त्यावर तारीख."

"माणूस वाळत चाललाय."

"तसं चिठ्ठीत नाहीये." तिने कागद काढून माझ्यासमोर धरला आणि मजकूर चिनीत सांगितला: पोटाच्या क्रमात किंचित अनियमितता, नित्याचं काम करतो. "किंचित म्हणजे किंचित. ज्यांचं पुष्कळ आहे ते सगळे तुमच्या मागे बसलेत, वळून बघा."

मी वळलो नाही.

"त्रास वाढला असेल तर डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणा. अगदीच काही झालं तर आपत्कालीन विभागात या. पुढचे!"

आ-लामने माझी बाही धरली. "चला मास्तर. बाई बरोबर बोलतेय. तू कधी खिडकीवरच्या माणसाशी भांडलायस का? आज म्हातारपणी कशाला?"

चिठ्ठी डॉक्टरांनी घाईत लिहिली असावी. त्यांच्याकडे एका माणसाला सहा मिनिटं मिळतात.

यिम पाक-होन


२१ मे २०१७

वान,

तुझं पत्र बारा तारखेला आलं. आज एकवीस. नऊ दिवस मी रागात होतो. मे महिन्यात करपत्रं भरायला गर्दी असते, त्या निमित्ताने मी उत्तर टाळलं.

तू पाच ओळी लिहिल्यास. 'दोन्ही पत्रं दोनदा वाचली. पायऱ्या किती ते कळलं. पट्टा किती सेंटिमीटर ते कळलं. दादाला काय होतंय ते कुठेच नाही. तू कायम असंच लिहितोस, पाक-होन. त्याला काय होतंय?'

मला वाटलं, पस्तीस वर्षं लोक माझ्याकडे लिहून घ्यायला येतात. मी तिसरीच्या पुढे शाळा पाहिली नाही. प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात काम करता करता शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. माझ्या अर्जावर किती कुटुंबांना घरं मिळाली. आणि तू मला लिहायला शिकवतेस.

आता गुरुवारचं सांगतो. तो दुकानातून सुटून गाळ्यावर आला. माझ्याकडे एक बाई बसल्या होत्या, म्हणून तो मागच्या लाकडी स्टुलावर बसला. अर्ध्या तासाने उठला, म्हणाला, "घरी जातो, पाय दुखतायत." स्टुलावर डाग होता.

मी पाहिलं हे त्याने पाहिलं. "सॉस आहे. दुकानातला. आज बाटली सांडली अंगावर."

"हो का," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी फडकं ओलं करून पुसलं. सॉसला वास असतो.

त्याला काय होतंय ते आता सांगतो. शौचाला रक्त पडतं. नोव्हेंबरपासून. आधी आठवड्यातून एकदा, आता रोज. कधी लाल, कधी काळं. जेवण जात नाही. सहा महिन्यांत अकरा किलो उतरला. अंगात उष्णता वाढलीय म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानातला कडू काढा पितो, दिवसाला दोन वाट्या.

हे मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. डॉक्टरांनी घाई केली हे मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खरं नाही.

चौदा फेब्रुवारीला तो गाळ्यावर आला होता. मी कागद पुढे ओढला आणि म्हटलं, सांग. तो म्हणाला, "लिही. संडासात रक्त पडतं. बदकाची मान कापल्यावर पडतं ना, तसं. घाबरायला होतं. लिही असंच."

मी म्हटलं, "असं कागदावर शोभत नाही."

"डॉक्टर आहे तो. त्याला काय शोभायचंय?"

"डॉक्टर असला तरी वाचणारा माणूस आहे. तू मला माझं काम करू दे."

मी लिहिलं: पोटाच्या क्रमात किंचित अनियमितता जाणवते. रुग्ण धीराचा असून नित्याचे काम व्यवस्थित करतो. ओरडणाऱ्याचा कागद खाली जातो, हे मी खिडक्यांसमोर शिकलो आहे. नवऱ्याने मारलं तर 'घरात काही मतभेद' लिहायचं, छत गळत असेल तर 'ओलाव्याची थोडी गैरसोय'. साहेब वाचतो, चिडत नाही, मग सही करतो. घरांच्या अर्जांना ते चालतं. आ-लामला चाललं नाही.

डॉक्टरांनी माझंच पान इंग्रजीत केलं. खिडकीवर त्या सिस्टरने कागद माझ्यासमोर धरला, तेव्हा मी माझं वाक्य ओळखलं. तुझ्या दादाला अजून सांगितलेलं नाही. वीस महिन्यांची तारीख सरकारने दिली असं तो समजतो.

पाक-होन


११ जून २०१७

वान,

तुझ्या दुसऱ्या पत्रात दोन शब्द होते. 'सांग त्याला.' पाकिटावरचं तिकीट त्यापेक्षा मोठं होतं.

मंगळवारी तीनच्या सुमाराला मी त्याच्या दुकानात गेलो. तेव्हा गिऱ्हाईक नसतं. तो ठोकळा खरवडत होता. मी सगळं सांगितलं. पान, वाक्य, खिडकी. तोंडी सांगायला मला फार वेळ लागला, कारण मधेच खोडता येत नाही.

तो खरवडत राहिला. मग म्हणाला, "मला वाचता येतं रे. फार नाही, पण तेवढं येतं."

"म्हणजे?"

"तू पान दिलंस ते मी बसमध्ये वाचलं. रक्त कुठे दिसलं नाही. पण इतकं छान लिहिलं होतंस, मला वाटलं, मास्तर म्हणतोय किंचित, तर किंचितच असेल. मलाच बरं वाटलं."

मी वर पाहिलं. आकड्यावर दोन बदकं होती.

"आता रडू नकोस इथे," तो म्हणाला. "मालक समजेल बदक महाग झालं म्हणून."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लुईंकडे गेलो. दवाखाना एवढासा, खुर्च्या पाच. एका खुर्चीवर चित्रकलेचे वर्ग घेणाऱ्या बाई पुन होत्या, त्यांचं करपत्र मी अकरा वर्षं भरतो. आतला पडदा पूर्ण लागत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, फेब्रुवारीतलं माझं पान चुकीचं होतं. जाणूनबुजून सौम्य केलेलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "यिम साहेब, मी त्यावरच विसंबलो. तुम्ही व्यवस्थित माणूस. मी पोटावर नुसता हात ठेवला आणि चिठ्ठी लिहिली. ही माझीही चूक आहे." मग आ-लामकडे वळले. "आज तुम्ही बोला. यांनी नाही."

तुझा दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "बोलू का मास्तर? शोभेल?"

आणि बोलला. बदकाची मान, काळं, लाल, पट्टा, स्टूल, सगळं. एकदाही 'बरंय' म्हणाला नाही. बाहेर बाई पुन खोकल्या. डॉक्टरांनी या वेळी त्याला झोपवून नीट तपासलं. हात धुताना त्यांचा चेहरा मी पाहिला. चिठ्ठी त्यांनी उभ्यानेच लिहिली.

खिडकीवर तीच सिस्टर होती. तिने चिठ्ठी वाचली, मग मान वर करून विचारलं, "हाच माणूस?"

"हाच," आ-लाम म्हणाला.

"मग तेव्हा का नाही सांगितलं, काका?"

तो म्हणाला, "तेव्हा जरा लाज वाटली, सिस्टर."

त्याने हे स्वतःवर घेतलं. मी शेजारी उभा होतो आणि मी त्याला घेऊ दिलं.

तारीख बावीस जून. दुर्बीण घालून तपासणी. बाई पुन त्यांचे कागद या वर्षी घेऊन आल्या नाहीत.

पाक-होन


९ जुलै २०१७
रुग्णालय, सातवा मजला, खाट अठ्ठावीस

वान,

हे त्याच्या खाटेशेजारी बसून लिहितोय. मांडीवर कागदाखाली पुठ्ठा घेतलाय, अक्षर वाकडं येतंय.

आतड्यात गाठ आहे. कर्करोग आहे. यकृतावर दोन डाग आहेत, म्हणजे तो तिथे पोहोचला आहे. शस्त्रक्रिया बुधवारी, सव्वीस जुलैला. त्यानंतर औषधं. किती दिवस, किती महिने, कुणी सांगत नाही.

मी इथल्या तरुण डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं, फेब्रुवारीत कळलं असतं तर यकृत वाचलं असतं का. ते म्हणाले, "तसं निश्चित काही म्हणता येत नाही." हे असलं वाक्य मला ओळखू येतं. मी रोज बनवतो. मी म्हटलं, "साहेब, मला नीट सांगा." त्यांनी हातातली फाईल बंद केली. मग म्हणाले, "कदाचित एक डाग असता. कदाचित एकही नसता. मला खरंच माहीत नाही." मी त्यांचे आभार मानले.

मग वर येऊन तुझ्या दादाला ते सांगितलं. आणि तोंड उघडलंच होतं, तर दुसरंही सांगितलं.

तू लीड्सला जाताना माझ्यासाठीही व्हिसाचा अर्ज आणला होतास. मी तो भरला, एकही खाडाखोड न करता. सही केली आणि खणात ठेवून दिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, परक्या देशात जाऊन भांडी घासणार, आणि तिथे माझ्या इंग्रजीला लोक हसणार, ही भीती मी तुला सांगितली नाही. तू तीन महिने रोज विचारत होतीस, पोस्टात टाकलास का. मी 'बघतो' म्हणत होतो. आ-लामला मात्र मी सांगितलं की तू मला विचारलंसुद्धा नाहीस. म्हणून तो विमानतळावर तुला तसं बोलला.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा रेडिओ ऐकत होते, त्यांनी आवाज कमी केला.

"म्हणजे बारा वर्षं मी तिच्यावर उगाच रागावलो होतो?"

"हो."

"आणि दर रविवारी तुझ्याबरोबर चहा पीत होतो."

"हो."

"तुझ्या करंज्यासुद्धा मीच मागवायचो."

तो कूस वळवून भिंतीकडे तोंड करून झोपला. मला वाटलं मी आता जावं. पिशवी उचलली. तर भिंतीकडे बघतच म्हणाला, "कुठे चाललास? कागद काढ. मी सांगतो तसं लिही. तुझा एक शब्द घातलास तर सलाईनचा खांब डोक्यात घालीन."

खाली त्याचं आहे. मी काही बदललेलं नाही.

'वान, मी लाम. मी तुला फोन करू नकोस म्हणालो ते चुकलं. मला खोटं सांगितलं होतं, पण तुला विचारायला पाहिजे होतं, ते मी विचारलं नाही. माझं डोकं बदकाचं. पोटात गाठ आहे. मोठी आहे. बुधवारी, सव्वीसला, कापणार आहेत. इथली पेज पाण्यासारखी आहे. हा तुझा मास्तर रोज येतो आणि काही बोलत नाही, नुसता बसतो, त्याने आणखी भीती वाटते. मला मरायची भीती वाटते. तू ये. कापायच्या आधी ये. भेटायची वेळ संध्याकाळी सहा ते आठ. येशील तर काही आणू नकोस. आईचा चेहरा तुझ्यात होता, तो बघायचाय. लाम.'

मी विचारलं, "अजून काही?"

"झालं माझं. आता तुझं काय असेल ते तू लिही. लवकर, ती सिस्टर लोकांना हाकलायला लागलीय."

आठ वाजत आलेत. माझं एवढंच आहे, वान. तो मेला तर या शहरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नाही, आणि ते माझ्याच हाताने झालेलं असेल. मला फार भीती वाटते. ये.

पाक-होन